राखून ठेवलेले चार स्क्रू

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

हवल्ली, कुवेत
शुक्रवार, ता. १७ एप्रिल १९९८

तीर्थरूप जगन्नाथमामा यांच्या चरणी भाचा जयराम याचा साष्टांग नमस्कार.

इकडे मी खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात उजवा लिहिला होतात, त्याआधीच्या पत्रात डावा, म्हणून दोन्ही विचारतो.) मामीचा खोकला, गोठ्याची शाकारणी आणि आंब्याचा मोहोर यांचीही खबर कळवावी. फेब्रुवारीत इथे पुन्हा लढाई होणार अशा बातम्या ऐकून तुम्ही तार केलीत, ती मिळाली. लढाई झाली नाही. आमच्या खोलीच्या खिडक्यांना लावलेली चिकटपट्टी मात्र अजून निघत नाही, बाकी नुकसान काही नाही. हे पत्र बाळाबरोबर देतो आहे. बाळा म्हणजे आमच्या खोलीतला पिंगुळीचा एसी मेकॅनिक. तो पुढच्या गुरुवारच्या विमानाने सुट्टीवर निघाला आहे आणि अर्ध्या हवल्लीची पत्रं आणि दुधाच्या पावडरीचे डबे त्याच्या बॅगेत कोंबून झाले आहेत.

माझ्या लग्नाची तयारी जोरात असेल. तेजस्वीच्या घरचे खूश आहेत, तिची आत्या ठकूबाई हिने मांडवापासून मसाल्यापर्यंत सगळा कारभार हातात घेतला आहे, हेही कळलं. ३ मेचा मुहूर्त अगदी उत्तम आहे. फक्त माझ्या येण्याबद्दल थोडं सांगायचं आहे. ते नीट कळावं म्हणून मुळापासून सांगतो, आणि त्यात दोष कोणाचा हे तुमचं तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर बराचसा तुमचा आहे.

मी सलव्याच्या क्लबात सुतार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. कसला क्लब ते मी आजवर लिहिलं नव्हतं, कारण लिहिलं असतं तर तुम्ही हसला असता. बास्केटबॉलचा आहे. दहा धट्टेकट्टे गडी एक चेंडू आपटत इकडून तिकडे धावतात आणि बूड नसलेल्या टोपलीत टाकतात. टाकलेला चेंडू लगेच खाली पडतो, तरी लोक टाळ्या वाजवतात. यासाठी त्यांना पगार मिळतो, आणि तो माझ्यापेक्षा जास्त असतो. लढाईत या क्लबाच्या हॉलमधल्या जमिनीच्या फळ्या उखडल्या गेल्या होत्या, म्हणून इतकी वर्षं हे लोक सिमेंटवर खेळत होते आणि हरत होते. गेल्या उन्हाळ्यात मॅनेजर यूसुफसाहेबांनी परदेशी लाकूड मागवलं आणि तक्तपोशीचं काम मला दिलं. मी ती अशी बसवली मामा, की रंधा फिरवल्यावर तुम्हीसुद्धा चप्पल बाहेर काढून आत आला असता.

एवढंच, की एका कोपऱ्यात फळीखालच्या पट्टीचे चार स्क्रू मी मारले नाहीत. का, ते तुम्हाला सांगायला नको. मी दहा वर्षांचा असताना तुम्ही माझ्या हातात हातोडी दिलीत आणि म्हणालात, "झिला, नव्या कामात एक खिळो राखून ठेव. वरीस पार पडला की मगे ठोक. कामाक दिष्ट लागना नाय." (या शिकवणीपायी शाळेतल्या हेडमास्तरांच्या नव्या खुर्चीचं काय झालं आणि हेडमास्तरांचं काय झालं, ते गावाला आठवत असेलच.) तर ते चार स्क्रू मी फोटोच्या रिळाच्या काळ्या डबीत घालून, डबी ट्रंकेत तेजस्वीच्या फोटोशेजारी ठेवून दिली. वर्ष ऑगस्टमध्ये पुरं होणार होतं.

आता मुहूर्ताचं. सप्टेंबरात तुम्ही विचारलंत, सुट्टी कधी? इथे माझा पासपोर्ट यूसुफसाहेबांच्या खणात असतो आणि टीमचा मोसम संपल्याशिवाय तो खण उघडत नाही, कारण तक्तपोशी जपणारा माणूस मी एकटाच. (सामन्याच्या वेळी खेळाडूंचा सांडलेला घामही मीच पुसतो. हे आईला सांगू नका, तिच्या मते मी साहेब आहे.) मी साहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जयराम, टेन्शन माफी. मार्च में टीम खलास, अप्रैल में तुम रूह हिंद." (इथे माफी म्हणजे नाही आणि रूह म्हणजे जा.) मागच्या चार वर्षांत ही टीम फेब्रुवारीच्या पुढे कधी गेलीच नव्हती. सामने बघायला अकरा माणसं यायची, त्यात एक साहेबांचे वडील, आणि तेही झोपायचे. इतकी भरवशाची टीम म्हणून मी बिनधास्त मे महिना कळवला. या टीमवर मी विश्वास टाकला होता मामा, आणि तिने माझा गळा कापला.

पहिल्याच सामन्यात समोरचा एक चपळ गडी चेंडू आपटत आपटत डाव्या कोपऱ्यात शिरला. चेंडू खाली गेला तो वर आलाच नाही. म्हशीने बूड टेकावं तसा बसला. गडी पुढे गेला, हात रिकामाच वरखाली करत राहिला आणि आमच्या माणसाने चेंडू उचलून पळत जाऊन टोपलीत टाकला. मी फडकं घेऊन बसलो होतो तिथेच मला घाम फुटला. तीच फळी, चार स्क्रू नसलेली. शेजारी बाळा होता, एसी बघायला आलेला. तो म्हणाला, "रे जयराम, तुझी तक्तपोशी चेंडू गिळता." मी त्याला गप्प केलं आणि तिथेच चूक झाली, कारण बाळाला गप्प केलं की त्याला गोष्ट महत्त्वाची आहे हे कळतं.

आमच्या टीमला ते कळायला दोन दिवस लागले. आमच्याकडे एक अमेरिकन खेळाडू भाड्याने आणलाय. साडेसहा फुटांच्या वर उंच, वय अडतीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे (तुमचं दुःख त्याला समजेल). आम्ही त्याला माड म्हणतो. हा माड एका सकाळी एकटाच आला आणि फणस पिकलाय का बघतात तशी एकेक फळी चेंडूने वाजवत सगळा हॉल फिरला. कोपऱ्यात आला, चेंडू टाकला, चेंडू बसला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. त्या दिवसापासून आमचे गडी समोरच्यांना गोडीगुलाबीने त्या कोपऱ्यात ढकलायचे आणि स्वतः तिथे पाऊल ठेवायचे नाहीत. एकामागून एक सामने जिंकायला लागले. आमचा युगोस्लाव्हियाचा कोच सर्वांना सांगत फिरला की हा त्याने रचलेला डाव्या कोपऱ्याचा सापळा आहे. एका अरबी पेपरात त्याचा बाण काढलेला नकाशासुद्धा छापून आला. त्याला फळीचं अजून ठाऊक नाही, आणि आम्हीही सांगितलेलं नाही, कारण तो फार आनंदात असतो.

मामा, मी खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. सहा वर्षं इथे मी खोक्यांना फळ्या मारल्या, दरवाजे बसवले, कोणी वर मान करून बघितलं नाही. आता हॉल भरायला लागला. लोक ओरडायचे आणि त्यांच्या पायांखालची तक्तपोशी माझी होती. जिंकत होतं ते माझ्या कामातलं वैगुण्य, हे खरं. पण वैगुण्यसुद्धा माझंच होतं ना.

मार्च उजाडला आणि टीम काही खलास होईना. एप्रिल आला. मी कॅलेंडरवर ३ मे बघायचो आणि रात्रीचं जेवण जायचं नाही. त्यात बाळाने आपल्या माणसांच्या मेसमध्ये फळीची गोष्ट सांगितली, तिथून ती चंद्रहासच्या कानावर गेली. चंद्रहास म्हणजे ठकूबाईंचा मुलगा, माझा होणारा मेहुणा. तो निळ्या बनियनवाल्या क्लबाची बस चालवतो. महिन्याभरात कुवेतमधल्या सगळ्या टीमना कळलं की सलव्याच्या हॉलमध्ये डाव्या कोपऱ्यात चेंडू मरतो. तक्रार कोणी केली नाही, कारण तक्रार करायची म्हणजे आपण आधी का हरलो हे सांगावं लागतं.

काल, गुरुवारी, उपांत्य सामना होता. हरले तर टीम घरी आणि मी लग्नाला. जिंकले तर फायनल २ मेला संध्याकाळी, आणि ३ मेला सकाळी मुलीकडचे नवऱ्यामुलाच्या जागी काय उभं करणार? सकाळी हॉलमध्ये कोणी नव्हतं. मी डबी खिशात घालून गेलो. मामा, मी फळी उचलली आणि चारही स्क्रू मारले. वर्ष पुरं व्हायच्या आत. फळी परत बसवली, चेंडू टाकून बघितला, टणकन छातीपर्यंत आला. इतकं चोख काम करून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. ज्यांच्या घामावर मी मोसमभर फडकं फिरवलं, त्यांच्या पायाखालचा आधारच मी काढून घेतला, आणि तोही लाकूड घट्ट करून.

सामना सुरू झाला. समोरच्या हिरव्या बनियनवाल्यांनी त्या कोपऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. भुताचं झाड असल्यासारखे ते त्याला लांबून वळसा घालायचे. सगळेच्या सगळे उजव्या बाजूने यायचे, एकमेकांच्या पायांत अडकायचे आणि आमचे गडी तिथे वाट बघत असायचे. तरीही शेवटी आम्ही एका गुणाने मागे होतो आणि दहा सेकंद उरले होते. मी मनात विमानात बसलो होतो. माडाच्या हातात चेंडू होता, तीन जणांनी त्याला घेरलं. मोकळा फक्त डावा कोपरा, कारण तिथे कोण कशाला उभा राहील. माड तिथे सरकला, त्याचा गुडघा मुडपला आणि चेंडू हातातून सुटून त्या फळीवर पडला. सगळा हॉल हळहळला. आणि चेंडू वर आला, सरळ त्याच्या हातात. त्याने अर्धा सेकंद माझ्याकडे बघितलं, मग टोपलीत टाकला.

नंतर तो घामाने निथळत माझ्याजवळ आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "थँक यू, जय." त्याला वाटलं मी फळी त्याच्यासाठी नीट केली. त्याचं म्हणे हे शेवटचं वर्ष आहे. मला रडू आलं. आजूबाजूचे समजले की आनंदाने रडतोय.

असो. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. मांडवाला फळ्या कमी पडल्या तर माडीवरच्या घ्या, पण त्यातले खिळे राखून ठेवू नका.

तुमचा आज्ञाधारक,
जयराम

ता. क. - मुख्य गोष्ट लिहायची राहिली. मुहूर्त आठवडाभर पुढे ढकलता येईल का? ठकूबाईंना काहीतरी सांगा. इकाम्याचा, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचा, शिक्का अडलाय म्हणा, कागदपत्राचं नाव काढलं की त्या गप्प बसतात. तेजस्वीला मात्र खरं सांगा. सगळं आयुष्य काढायचं आहे तिच्याबरोबर.

ता. क. (सोमवार) - वरचं खोडलेलं समजा. तीन दिवस मला झोप नव्हती, म्हणून आज यूसुफसाहेबांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. फळी, स्क्रू, लग्न, सगळं. वाटलं होतं, आता नोकरी गेली. साहेब आधी लाल झाले, मग उठून त्यांनी दार लावलं आणि विचारलं, फळी नीट झाली आहे हे आणखी कोणाला माहीत? मी म्हटलं, मी आणि माड. बाकीच्यांना परवा चेंडू नशिबाने उसळला असं वाटतंय. माड बोलत नाही. मग साहेबांनी हिशोब मांडला. फायनल आमच्याच हॉलमध्ये आहे आणि ती चंद्रहासच्या निळ्यांशी आहे. निळ्यांनी शेवटपर्यंत त्या कोपऱ्याला भ्यायला पाहिजे. आणि जो माणूस तीन दिवसांपलीकडे पोटात गोष्ट ठेवू शकत नाही, त्याला २ मेपर्यंत कुवेतमध्ये ठेवणं साहेबांना परवडणारं नाही. त्यांनी खण उघडला, पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम बुधवार रूह. शादी करो, मुँह बंद रखो."

ता. क. (मंगळवार) - तेव्हा माझी खरी विनंती एवढीच. फळी घट्ट झाली आहे हे ठकूबाईंना कळता कामा नये. त्या दर रविवारी बूथवरून चंद्रहासला फोन करतात. २ मेची संध्याकाळ उलटली की खुशाल सांगा. त्या संध्याकाळी मला हळद लागत असेल आणि माझं लक्ष कुठे असेल ते तुम्ही जाणता. चेहरा उतरलेला दिसला तर मुलीकडच्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

ता. क. (शेवटचं) - बाळा गुरुवारी निघणार आणि मी बुधवारी, म्हणून हे पत्र मीच घेऊन आलो आहे. तोंडाने सांगायचा धीर होत नाही. तुमचं वाचून होईपर्यंत मी पडवीत बसलोय. झालं की हाक मारा. आत चहाला बसलेल्या ठकूबाई जाईपर्यंत थांबलात तर बरं.