निळी किल्ली

५ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोरगी झोपली, मी नाही. काल कारखान्यात कंपनीची बाई आली. भरतकामाचं मशीन ज्या कॉम्प्युटरवर चालतं, त्यातलं सॉफ्टवेअर खरं की चोरीचं ते बघायला. "किल्ली दाखवा," म्हणाली. कुलपाची नव्हे — निळी, बोटाच्या पेराएवढी, कॉम्प्युटरला मागून खोचायची. विकत घेतलं तरच मिळते.

मालकाने सरळ माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. हिनेच विकून खाल्ली असेल, वर नेटवरून फुकटचं उतरवून बसली!"

मेला खोटारडा! किल्ली एक, कारखाने दोन. ती दुसरीकडे नेलीस तू, आणि इथे फुकटचं उतरवायला लावलंस तू.

६ मार्च

बाई परत आली. स्क्रीनवर माझं नाव. "हे तुम्हीच भरलंत?"

मीच! चौकोनात नाव मागत होतं. मालक पाठीशी उभा — "तुझंच टाक गं, बसणार तूच ना!" मला वाटलं हजेरीसारखं असेल. खाली इंग्रजी गिचमिड, त्याला हो म्हटलं. कोण वाचतंय ते?

बाई म्हणाली, "किल्ली आणा. कधी कुठल्या कॉम्प्युटरला लावली, ते तिच्यातच कळतं. नाहीतर ज्याचं नाव, त्याच्यावर तक्रार."

मालक नुसता हसला. किडे पडोत त्या तोंडात.

७ मार्च

नवरा मालकाची गाडी चालवतो. आज मालकाने दिलेला कागद घेऊन आला. मीच चोरी केली असं त्यात लिहिलंय म्हणे.

"सही करून टाक. लेकुरवाळ्या बाईला कोण आत टाकतंय?"

"मग तुझ्या मालकिणीला सांग! तिलाही दोन लेकरं आहेत."

कानाखाली बसली. पोरगी दचकून रडली. मी नाही रडले. पण आत टाकलं तर अंगावरच्या पोरीला पाजणार कोण? हा? याला तिचा लंगोट बदलता येत नाही!

८ मार्च

सही नाही केली. मोबाईल काढून घेतला त्याने.

९ मार्च

धुवायला घेतलेल्या त्याच्या पँटीच्या चोरखिशात हाताला टोचलं काहीतरी. किल्ली. निळी! माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याच्या खिशात.

बाहेरून कडी घालून गेलाय. मालकाला घेऊन येतो म्हणाला, सही घ्यायला. सुईदोरा होता घरात, माझं काम झालंय. वही खिडकीतून रस्त्यावर टाकतेय. वाचणारे तुम्ही कोण असाल ते असा, माझ्या भावाला फोन करा. नंबर पहिल्या पानावर आहे. म्हणावं, दादा, आधी पोरीला उचल. दुपट्यासकट. दुपटं कुणाच्या हातात देऊ नको.