सतरंजीचं पुढचं टोक

१ मार्च १९९८, रविवार. दुपारी.

आजपासून रोजनिशी. नगरच्या नेतृत्व शिबिरात सांगितलं होतं, लीडरने रोज लिहावं. शिबिर तीन दिवसांचं होतं, मी दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी ‘सेवा’ होती, म्हणजे भांडी घासा आणि संडास धुवा. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून किल्ला बघून आलो. सर्टिफिकेट मात्र तीन दिवसांचंच मिळालं.

चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. मुकुंदवाडीच्या आमच्या मंडळीतला तरुण संघ दोन वर्षं बंद आहे. म्हणाले, शांतवन, ईस्टरपर्यंत पोरं गोळा कर. जमलं तर त्या दिवशी संघाला अध्यक्ष नेमू आणि पहाटेच्या फेरीत कंदील घेऊन तोच पुढे चालेल. ‘तोच’ म्हणताना माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे फकिरा सतरंज्या गोळा करत होता, त्यामुळे थोडं त्याच्याकडेही बघितल्यासारखं झालं.

फकिरा म्हणजे वाळूजला कंपनीत फर्स्ट शिफ्ट. दहावी नापास. मी निदान बसलोच नव्हतो.

३ मार्च, मंगळवार

गुलमंडीवरून रबरी शिक्का करून आणला. ‘अध्यक्ष, तरुण संघ’. दुकानदाराने विचारलं, नाव टाकू का? म्हटलं, पद महत्त्वाचं, माणूस नाही. इथे एक मारून बघतो. तिरका आला. पुन्हा मारला. आता बरोबर.

द्वारकाआत्याने विचारलं, झाली का नेमणूक? म्हटलं, होणार आहे. म्हणाली, आयटीआय व्हणार व्हतं, कंपनीत पर्मनंट व्हणार व्हता, अकराव्या दिशी घरी आला. आता ह्ये. येक काम सुरू करून संपवलेलं दाव मला, मग मीच तुला अध्यक्षसाहेब म्हणते.

राग आला होता. लीडर राग गिळतो. त्यावर दोन भाकरीही गिळल्या.

८ मार्च, रविवार

संघाची पहिली मीटिंग. वेळ चार. हजर: मी. सव्वाचारला फकिरा आला, मागे बजाजनगरची चार पोरं. याला कोणी सांगितलं होतं पोरं आणायला? पोरं गोळा करायचं काम माझं आहे.

मोटिव्हेशनवर तासभर बोललो. फळ्यावर त्रिकोण काढला. टोकावर लीडर, खाली टीम. एकाने विचारलं, पण भाऊ, आपण नेमकं करायचं काय? म्हटलं, ते सातव्या मीटिंगमध्ये येतं.

संपल्यावर फकिराने सतरंजी उचलली आणि प्रश्न विचारणाऱ्याला म्हणाला, ए, येक टोक धर. त्याने धरलं. मग दुसरा उठला, मग सगळेच. पाच मिनिटांत घड्या घालून झाल्या आणि पोरं खिदळत होती. मी बोलत असताना कोणी हसलं नाही. अर्थात विषय गंभीर होता.

निरीक्षण: फकिराला नेतृत्वाचं एकच वाक्य येतं. येक टोक धर. त्यात व्हिजन कुठे आहे? एवढी मोठी सतरंजी एकट्याने घडी होत नाही हे मान्य. पण स्वतःच्या सोयीसाठी माणसं वापरणं मला पटत नाही.

त्याची सध्याची मोठी चिंता काय, तर शेजारच्या अन्सारभाई मंडपवाल्याच्या सतरंज्या आणि आपल्या सतरंज्या एकसारख्या दिसतात, मिसळतात, कायतरी खूण करायला पायजे. अशी माणसं मंडळी पुढे नेणार!

पाळकसाहेबांची मुलगी सुवार्ता बाजाची पेटी बंद करताना त्याला म्हणाली, दमलास का रे? तासभर मी बोललो. दमलो मी.

१५ मार्च, रविवार

फकिराचा ओव्हरटाइम. मैदान मोकळं! मीटिंग दणक्यात घ्यायची ठरवली.

कोणीच आलं नाही. सतरंज्याही नव्हत्या. पायरीवर बसून त्रिकोणात सुधारणा केली. पोरांना त्याने आतून फोडलंय, दुसरं काही नाही.

१९ मार्च, गुरुवार

ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या घरगुती प्रार्थना दर गुरुवारी एकेका घरी होतात. पुढची, २६ तारखेची, मनकर्णाबाईकडे. ही मंडळीतली सगळ्यात म्हातारी. नाताळात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. मी पाळकसाहेबांना सांगून टाकलं की ती सभा मी चालवणार. फकिरा म्हणाला, बरं झालं, तुला चांगलं बोलता येतं.

यात टोमणा आहे. सापडला की लिहीन.

२३ मार्च, सोमवार. एसटी स्टँड.

फर्दापूरला चाललोय. तिथे दोन ख्रिस्ती पोरं आहेत असं ऐकलं. संघ वाढवायचा तर बाहेर पडावं लागतं. फकिराला हे सुचलं नसतं. बुधवारी परत.

२५ मार्च, बुधवार. फर्दापूर.

ती दोन पोरं पुण्याला गेलीत, तीन वर्षं झाली. पण आत्याचा पुतण्या पुंजाराम इथे लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगड विकतो, त्याच्याकडे थांबलो. त्याने एक ट्रे माझ्याही हातात दिला. लोकांशी कसं बोलावं याचा हा खरा अभ्यास. एका जपानी बाईने माझ्याकडे बघून मान लववली. एवढा मान मुकुंदवाडीत कोणी दिला नाही. दगड घेतला नाही, तो भाग वेगळा.

२७ मार्च, शुक्रवार

परत. काल गुरुवार होता हे एसटीत शेजारच्या माणसाच्या पेपरवरून कळलं.

आत्या दारातच. म्हणाली, म्हातारीनं खाटंवर पडल्या पडल्या सुनेकडून पोहे करून घेतले तुझ्यासाठी. सात वाजले, साडेसात वाजले, शांतवन कुठंय, शांतवन कुठंय. शेवटी फकिरानं चालवली सभा.

विचारलं, काय बोलला? म्हणाली, काय नाय. म्हणला, मला बोलता येत नाय, ज्याला जे दुखतंय त्यानं ते सांगा. आन् लोक दोन तास सांगत बसले. सुवार्ता तर रडली.

आता यात फकिराचं कर्तृत्व काय? बोलले लोक. रडली सुवार्ता. पोहेसुद्धा माझ्या नावचे होते.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

शेवटची संधी आली! ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, साखळी प्रार्थना. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. एकेकाने अर्धा अर्धा तास गुडघे टेकायचे. पाळकसाहेबांनी नियम पुन्हा सांगितला: पुढचा माणूस आल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही, साखळी तुटता कामा नये. मग म्हणाले, तक्ता शांतवन करेल.

हे सगळ्यांसमोर म्हणाले. फकिराने टाळी वाजवली. कसं जमतं त्याला असं तोंड ठेवायला?

६ एप्रिल, सोमवार

तक्ता तयार. चोवीस खाने, तीन रंग. कोणाला विचारत बसलो नाही. विचारलं की लोक अडचणी सांगतात.

फकिराला दीड ते दोन दिले. शनिवारी त्याची शिफ्ट साडेतीनला सुटते, म्हणजे तो येऊ शकत नाही, म्हणजे साखळी त्याच्या नावावर तुटणार. मी काही करत नाहीये, नुसता खाना आहे. त्याच्या आधीचा, एक ते दीड, स्वतःला घेतला. प्रत्यक्ष साक्षीदार हवा.

खाली शिक्का मारावासा वाटला. आवरलं. सहा दिवस.

१० एप्रिल, गुड फ्रायडे

तीन तासांची उपासना. शेवटी फकिरा सूचना द्यायला उभा राहिला. हातात माझा तक्ता! म्हणाला, उद्याच्या साखळीबद्दल. मी उठून बाहेर आलो. माझ्याच तक्त्याबद्दल त्याच्याकडून ऐकून घ्यायला मी रिकामा नाही.

सूचना बराच वेळ चालली. समोर उसाचा रस होता. उपास होता, पण रस म्हणजे काही जेवण नाही. तिथे एका माणसाने बोलता बोलता दौलताबादचा विषय काढला, त्याच्या टेम्पोतून जाऊन आलो. आत्या आधीच झोपली होती.

११ एप्रिल, शनिवार. दुपारी १२:५०.

सकाळी अकराला उठलो. लीडरने पहाटेपासून डोक्यावर उभं राहून लोकांवर दडपण आणू नये. आत्या केव्हाच गेलेली. निघतो.

तोच दिवस. संध्याकाळी ७.

सगळं क्रमाने लिहितो, कारण माझ्याबद्दल गैरसमज व्हायची शक्यता आहे.

एकला चर्चमध्ये पोचलो. दार लोटलेलं. आत कोणी नाही. साडेबाराचा माणूस नियम मोडून निघून गेलेला. सतरंज्यासुद्धा घातलेल्या नव्हत्या. फकिराचा हलगर्जीपणा, मनात नोंद केली. कोऱ्या फरशीवर गुडघे टेकले आणि तुटलेली साखळी मी एकट्याने पुन्हा जोडली.

दीड वाजला. फकिरा नाही. फार समाधान वाटलं.

एक चाळीसला लक्षात आलं. पुढचा आल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. आधीचा मी.

उठलो तर साखळी माझ्या नावावर तुटणार. दोनचा माणूस येईल म्हणून थांबलो. दोनचा आला नाही, अडीचचा आला नाही. खरी प्रार्थना मी साधारण पावणेदोनपर्यंत केली. मुख्य मागणी, फकिरा येऊ नये. नंतर, कोणीही यावं. सव्वातीनला, फकिरा आला तरी चालेल. चारच्या सुमारास डोळे मिटून चिंतन केलं. चिंतनात एकदा कपाळ फरशीवर आपटलं.

साडेपाचला अन्सारभाई दारातून डोकावला. म्हणाला, अरे शांतवनभाई, तुम अकेले यहां क्या कर रहे जी? सब लोगां तो सुबू से मनकर्णा खाला के घर को हैं ना! फकिराभाई कल बोला नहीं क्या? खाला आ नहीं सकती करके साखळी उधरीच रखे. तुम्हारे सतरंज्यां कम पड़े, मेरे भी लेके गया.

गुडघे सरळ होईनात. त्यानेच धरून उठवलं. सायकलवर डबलसीट सोडलं. वाटेत एकदा म्हणाला, बहुत लंबी दुआ करे तुम.

मनकर्णाबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. खाटेजवळ माझा तक्ता टांगलेला. बारा तासांत साखळी एकदाही तुटली नाही. ज्यांना माझी वेळ जमत नव्हती त्यांनी आपसात बदलून घेतली होती, फकिराने शिफ्ट बदलून घेतली होती. एक ते दीडच्या खान्यात सुवार्ताच्या अक्षरात लिहिलेलं: शांतवनच्या जागी फकिरा. त्याच्या खालच्यात नुसतं: फकिरा.

मनकर्णाबाईने हात धरला. म्हणाली, बिमार व्हता ना रं? फकिरा म्हणला, शांतवन आला नाय म्हंजे नक्की बिमार आसंल, त्याच्यासाठी बी मी बसतो. आता बरंय का? मी म्हटलं, मी चर्चमध्ये होतो, साडेचार तास. ती म्हणाली, साडेचार तास! काय मागितलं रं एवढं?

म्हटलं, मंडळीसाठी.

खोटं नाही. फकिरा मंडळीतच येतो. आणि एक गोष्ट कोणाला नाकारता येणार नाही, माझी प्रार्थना ऐकली गेली. तो आला नाही.

१२ एप्रिल, ईस्टर. दुपारी.

पहाटेच्या फेरीत मी सगळ्यात मागे होतो. गुडघे सुजलेत. सेनापती कधी कधी मागूनही चालतो.

पुढे मनकर्णाबाई. खुर्चीला दोन बांबू बांधून पोरांनी तिला उचललं होतं आणि कंदील तिच्या हातात. फकिरा खांदा देणाऱ्यांत होता, त्यामुळे नीट दिसतही नव्हता. मला दिसत होता. मला तो कुठूनही दिसतो. पोरं मोजली, एकवीस होती. रेल्वे स्टेशनच्या वळणावर म्हातारी ओरडली, शांतवन कुठंय? मागून म्हटलं, हाय. म्हणाली, ये की पुढं! मी हात हलवला. पुढे जाता येण्यासारखं नव्हतं.

उपासनेनंतर पाळकसाहेब सूचना द्यायला उभे राहिले. मी शर्टाचं वरचं बटण लावलं. शिक्का खिशात होता. म्हणाले, संघाला अध्यक्ष नेमायचा विचार होता, पण यंदा नेमत नाही. संघ चांगला चाललाय, उगाच कशाला हात लावायचा?

टाळ्या.

लोक पांगल्यावर फकिरा आला. म्हणाला, द्वारकाआत्या म्हणत व्हती तुझ्याकडं येक शिक्का हाय. शाई पक्की हाय का? म्हटलं, पक्की आहे. म्हणाला, झकास! सतरंज्यांवर मारू, म्हंजे अन्सारभाईच्यात जानार नाय.

नाही म्हणायला कारण शोधत होतो. तेवढ्यात त्याने माझ्या खिशातून शिक्का शाईसकट बाहेर काढलाच.

आता मंडळीच्या अकराही सतरंज्यांच्या कोपऱ्यावर ‘अध्यक्ष, तरुण संघ’ आहे. पुढच्या रविवारपासून सगळी मंडळी माझ्या पदावर बसेल. सुवार्ता बघून फार हसली. माझ्यामुळे हसली, हे लिहून ठेवतो.

शाई वाळल्यावर फकिरा म्हणाला, शांतवन, येक टोक धर.

आजूबाजूला पोरं नव्हती. धरलं. त्याने ओढलं, मी ओढलं, मधली धूळ उडाली. वाकताना गुडघ्यातून आवाज येत होता. घडी घालायला तो माझ्याकडे चालत आला, दर वेळी तोच आला. अकराच्या अकरा झाल्या.

घरी येऊन आत्याला सांगितलं, एक काम सुरू करून संपवलं. कोणतं म्हणाली. सतरंज्या म्हटलं. तिने पाट मांडला. मग म्हणाली, बस, अध्यक्षसाहेब, मटण वाढते.

जेवताना सहज विचारलं, सतरंजीला पुढचं टोक, मागचं टोक असतं का? म्हणाली, नसतं, दोनी सारखीच.

असतील. पण मी धरलं होतं ते पुढचं होतं.