डोकेदुखीचा तपास

१८ डिसेंबर २०१२, इंदिरा नगर, लखनऊ
इथली थंडी म्हणजे शुद्ध छळ. बाथरूमच्या खिडकीतून सुईसारखा वारा येतो. घरमालकाला सांगून थकलो. शेवटी मीच खिडकी आणि वरचा झरोका थर्माकोल लावून, टेप मारून बंद केला. गॅस गीझर चालू केला की आता आत सांगलीचा एप्रिल. हेमा म्हणाली, अहो, थोडी फट तरी ठेवा. फट ठेवायची होती तर थर्माकोल कशाला आणला? या घरात कौतुक नाहीच.

२१ डिसेंबर
हेमाचं डोकं दुखतंय. मळमळतंयही. माझंही दुखतं, पण ते बँकेतल्या ऑडिटमुळे. हेमाला ऑडिट नाही. म्हणजे खाण्यातून काहीतरी पोटात जातंय. संशय दुधावर. दूधवाल्याला गेटवरच धरलं आणि युरिया घालतोस का, असं स्पष्ट विचारलं. म्हणाला, साहब, यही दूध ऊपर मिश्राजी पीते हैं, उनसे पूछ लीजिए. उद्धट. दूध बंद.

२२ डिसेंबर, सकाळ
कोरा चहा. त्याचाही संताप.

२४ डिसेंबर
दूध बंद, डोकेदुखी चालूच. आता फ्लॉवर. इतका पांढरा फ्लॉवर औषध मारल्याशिवाय होत नाही. भाजीवाल्याला भर गल्लीत सुनावलं. बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. बघू देत, कुणीतरी बोलायला हवंच.
घरी येऊन फिनाईल, डांबरगोळ्या, उंदराचं औषध, डासांची कॉइल, सगळं उचलून गच्चीवरच्या पेटीत कुलूपबंद केलं. आता घरात विष म्हणून काही उरलं नाही.
ऋता बारावीला आहे, पण तोंड एमएचं. म्हणाली, पापा, सर तो नहाने के बाद ही दुखता है. मी म्हणालो, आधी मराठीत बोल, मग ऐकीन. ती पुस्तक घेऊन आत गेली. तरी मी समजावलं : गॅस गळत असता तर वास आला असता. वास नाही म्हणजे गॅस नाही. साधं लॉजिक. हल्लीच्या सायन्सच्या मुलांना एवढंही शिकवत नाहीत.

२६ डिसेंबर
वरच्या मजल्यावरचे जगदीश मिश्रा आले होते. कॉलनीच्या नववर्षाच्या बैठकीत मी ‘घरातली विषं’ या विषयावर बोलावं म्हणतात. भाजीवाल्याचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलेलं दिसतंय. होकार दिला. हिंदीत बोलेन. हेमा डोक्याला बाम चोळत ऐकत होती. हसली. का, ते सांगितलं नाही.

२७ डिसेंबर
ऋता बाथरूममध्ये पडली.
पाण्याचा आवाज येत होता. क्लासला उशीर होतोय म्हणून मी बाहेरून ओरडत होतो. उत्तर नाही, म्हणून आणखी ओरडलो. हेमाने मला बाजूला ढकललं आणि जिन्यातून मिश्राजींना हाक मारली. त्यांनी आणि मी दार तोडलं. हेमाने आधी गीझर बंद केला. ऋताला उचलून गॅलरीत उघड्यावर आणलं. श्वास चालू होता. ओठ हलत नव्हते. मिश्राजींच्या गाडीतून हॉस्पिटल. ऑक्सिजन लावला.
डॉक्टरीण बाईंनी विचारलं, गीज़र गैस का है? बाथरूम में खिड़की है?
मी म्हणालो, है.
हेमा म्हणाली, थी.

२८ डिसेंबर
ऋता शुद्धीवर आहे. बरी होईल म्हणतात. कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत गीझरचा गॅस जळला की हवा पुरत नाही, मग हा वायू तयार होतो. त्याला वास नसतो. रक्तात ऑक्सिजनची जागा तोच घेतो. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, पहले किसी का सर दुखता था? हेमाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
कॉरिडॉरमधून गीझरवाल्या दुकानदाराला फोन लावला. असली जीवघेणी वस्तू विकता, म्हणून झापायला सुरुवात केली. तो म्हणाला, साहब, मिस्त्री ने आपको बताया था न, खिड़की बंद मत कीजिएगा?
बताया था.
फोन ठेवला.

३ जानेवारी २०१३
ऋता घरी आली आहे. गीझर काढला. बैठक झाली म्हणे. भाषणाचा विषय मिश्राजींनी काढला नाही, मीही नाही.
सकाळी गरम पाण्याची बादली स्वयंपाकघरातून मीच नेतो. आता तिथे गॅस नाही, भीतीचं काही कारण नाही, हे मला कळतं. तरी ती आत गेली की दाराबाहेर उभा राहतो. मधूनमधून विचारतो, ऋता? आतून येतं, हाँ पापा.
आज म्हणाली, पापा, अब चुप रहिए.
बापाशी बोलायची ही पद्धत नव्हे. रागवायचं होतं.
आतून पाण्याचा आवाज येत होता. मग पुन्हा विचारलं, ऋता?