मैत्रीच्या कागदातली लांब ओळ

अब्बा, आज मला रशियाचा इतिहास समजला आणि कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय. हसू नका. चौथीत शाळा सोडलेली तुमची मुलगी इथे सौदीत, कतीफच्या स्वयंपाकघरात हमूर मासा साफ करत होती आणि बाजूला लेक परीक्षेचं वाचत होती. ती वाचते इंग्रजीत, सांगते हिंदीत. महायुद्ध संपल्यावर रशियाने हंगेरी, रुमानिया असल्या लहान देशांशी मैत्रीचे करार केले. अडचणीत एकमेकांना मदत करायची, दुसऱ्याच्या विरोधातल्या गटात जायचं नाही, मोठं काही करायचं तर आधी विचारायचं. कागदावर दोघं सारखे, पण विचारायला जायचं लहानानेच.

"मम्मी, ये लोग स्टुपिड थे क्या? साइन क्यों किया?"

माझी सुरी थांबली. "स्टुपिड तुझी आई," म्हटलं. "रशियाची फौज तेव्हा कुठे होती ते बघ आधी." तिने पानं उलटली. फौज आधीच त्यांच्या देशात बसलेली. "मग? घरात येऊन बसलेल्याला नाही कसं म्हणणार?" पोरीने वही पुढे ओढली. "ये तो आन्सर है, मम्मी," म्हणाली आणि लिहूनच घेतलं. माझं उत्तर, अब्बा, तिच्या वहीत.

तेव्हापासून आपली गावाकडची पडवी डोळ्यांसमोरून हलत नाही. ट्रॉलरवाला शेठ खुर्चीत बसलाय, बंदरात त्याच्या दोन बोटी आपल्या होडीला खेटून उभ्या आहेत. घरात वाचता येणारी मी एकटी. "वाच गं, सगळं वाच," म्हणत तुम्ही त्याचा कागद माझ्या हातात देता. मी वाचते, तुम्ही अंगठा देता. मग मासळी त्यालाच घालायची, दर्यात जायचं ते त्याला विचारून. गाव तुम्हाला खुळा म्हणालं. मीपण म्हटलं, तोंडावर. तुम्ही मान खाली घालून जाळं सांधत राहिलात.

खुळे नव्हतात तुम्ही. सगळं वाचून दाखवलं असतं तरी तुम्हाला अंगठा द्यावाच लागला असता, असं मी आज लेकीला ठासून सांगितलं. तुम्हाला तसं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून हा कागद न पाठवता पिठाच्या डब्याखाली ठेवतेय. त्या दिवशी मैत्रिणी बाहेर हाका मारत होत्या. मैत्री, मदत, संरक्षण एवढं मी मोठ्याने वाचलं. विचारून जायची ओळ लांब होती. ती मी गाळली.