दुधाचे डाग

मंगळवार, ४ मार्च
वर पोरगी मलाच विचारते, "तू माझी आई आहेस ना?" अगं, म्हणूनच विचारलं! लॉन्ड्रीत लोकांचे डाग काढण्यात जन्म गेला माझा. दुधाचा डाग मला कळणार नाही? पोरीच्या टॉपवर, छातीशी दोन्हीकडे! लग्न नाही, काही नाही. "कोणाचं आहे?" म्हटलं. आधी नुसती बघत बसली. हल्ली बघतेच नुसती. जानेवारीत तिचं ज्याच्यावर प्रेम होतं त्या मुलाने सोडलं, झोप उडाली, गच्चीच्या कठड्यावर चढली, तेव्हा दवाखान्यात ठेवली होती. झोपेची गोळी दिली. तेव्हापासून झोपते खरी, पण जागी असली तरी झोपल्यासारखीच. मला वाटलं, पोर शांत झाली. शांत कसली — लपवत होती!

बुधवार, ५ मार्च
धाकट्या बहिणीला सांगून बसले. "ताई, काय ते लवकर उरक. मग तोंड कुठे लपवशील?" मी फोनच आपटला.

गुरुवार, ६ मार्च
मेडिकलमधून टेस्ट आणली. एकच रेघ. खोटी असेल म्हणून दुसरी आणली. तीही तशीच. पोरगी म्हणाली, "तिसरी आण. दुकानच उचलून आण." किती दिवसांनी टोमणा मारला!

शुक्रवार, ७ मार्च
मेडिकलवालीनेच विचारलं, "काकू, मुलगी गोळ्या कसल्या घेते?" पाकीट दाखवलं. "ही झोपेची नाही हो. भास होतात, कानात आवाज येतात, त्यांची आहे. गुंगी येते म्हणून काही डॉक्टर झोपेसाठीही देतात. हिने कधीकधी दूध येतं, पाळी थांबते. पण एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारा."
माझ्या पोरीला कसले भास? तिला रडू येत होतं!

शनिवार, ८ मार्च
तडक दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणतो, "त्या रात्री तिला शांत करणं गरजेचं होतं." मान्य! त्या रात्री मी तुमचे पाय धरले असते. पण पुढे दोन महिने? दूध येईल हे सांगितलं का?
"सगळ्यांना येत नाही."
"मग माझ्या पोरीला आलं ते मोजायचं नाही का?"
नर्स हसली, मग खोकली. डॉक्टर म्हणतो, "सगळं सांगितलं तर पेशंट गोळी घेत नाहीत, मावशी."
तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून मी पोटच्या पोरीला नको ते बोलले! त्यावर आहे का गोळी?  त्याने पोरीची रक्ततपासणी लिहून दिली, डोस हळूहळू उतरवू म्हणाला. ते ठीक. पण दुसऱ्या आजाराची गोळी न सांगता का दिली, ते बुधवारपर्यंत तिला समोर बसवून सांगा. नाही तर दारात ठाण मांडते!

रविवार, ९ मार्च
डॉक्टरची कशी जिरवली ते पोरीला रंगवून सांगितलं. हसली नाही. बॅग भरत होती. म्हणाली, "त्या डॉक्टरने विचारलं तरी होतं, काय होतंय तुला. तू तेही विचारलं नाहीस. त्याचं उत्तर बुधवारी येईल. तुझं मंगळवारपर्यंत दे — मी इथे कोणाच्या भरवशावर राहू?"