आमच्या चरात उतरलेले दोन अध्यक्ष

धाकटे,

सगळ्यात आधी आले ते दाढीवाले, आणि तेही बेल न वाजवता. बेलच्या वरचा भिंतीचा पोपडा निघालाय ना, तो बघत ते बाहेरच उभे राहिले. मी आतून बघतेय, हा माणूस आमच्या भिंतीला नाक लावून करतोय तरी काय. शेवटी मीच दार उघडलं, तर विचारतात कसे, इथे पूर्वी निळा रंग होता का? (होता. तुला अजिबात आवडला नव्हता.) पण थांब, आशीर्वाद लिहायचे राहिलेच की. तर तुला, तुझ्या ह्यांना, लेकीला आणि विशेष करून जावईबापूंना माझे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझा डावा बरा आहे, उजव्याचं विचारू नकोस. जावईबापू नीट जेवतात ना? त्यांच्या आवडीचं करून घालत जा. असा जावई दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही.

आता हे दाढीवाले कोण ते सांगते. आपली भिंगरी (लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून मीच हे नाव ठेवलं, आणि आता बघ, दिवस दिवस एका खड्ड्यात बसून असते) त्या पुरातत्त्ववाल्यांच्या संघटनेत चिटणीस व्हायला उभी राहिली आहे. तुझे जावईबापूही त्याच संघटनेत आहेत, तेव्हा तुला थोडंफार कळलं असेलच. संघटनेच्या कचेरीमागे एक खोली आहे. जमिनीतून काढलेल्या वस्तूंची खोकी तिथे छतापर्यंत रचलीत, छत गळतंय, आणि उंदरांनी निम्म्या चिठ्ठ्या खाल्ल्यात. कोणत्या खोक्यात कुठला माल, हे आता उंदरांनाच ठाऊक. त्या खोलीची किल्ली चिटणिसाकडे असते. भिंगरीला ती किल्ली हवी आहे, दुसरं काही नको. तिच्या विरुद्ध जो उभा आहे त्याला मी खुर्चीवाला म्हणते, कारण तो सगळ्या सभासदांना गादीच्या नव्या खुर्च्या देणार आहे आणि त्या ठेवायला हीच खोली रिकामी करणार आहे. मग खोकी कुठे जाणार, असं कोणी विचारलं तर म्हणतो, बघू. तो 'बघू' ऐकल्यापासून पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही.

बरं, निवडणुकीला उभं राहिलं की माणसाने छातीठोक बोलावं की नाही? हिने पत्रक काढलं, त्यात काय छापलंय, तर 'सध्या उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून मी हे काम बऱ्यापैकी करू शकेन असे वाटते.' आणि खाली बारीक अक्षरात, 'याबाबत मतभेद असू शकतात.' मी म्हटलं, बाई गं, तुझ्या आजोबांनी मला मागणी घालताना असं सांगितलं असतं तर मी आज तुझी आजी नसते. तर म्हणते, पुराव्याशिवाय ठाम बोलायचं नसतं. त्यांच्यातले सगळे एकाच माळेचे मणी. दाढीवाल्यांना चहात साखर किती घालू विचारलं, तर विचार करून म्हणाले, साधारण एक ते दोन चमच्यांच्या दरम्यान.

हे दाढीवाले अध्यक्षपदाला उभे आहेत. त्यांच्यासमोर उभ्या आहेत खापरवाल्या बाई. (फुटक्या मडक्याचा तुकडा नुसता चाचपून त्याचं वय सांगतात. माझ्याकडे बघायला लागल्या की मी पदर सारखा करते.) दोघांचं एका मडक्याच्या काठावरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. भिंगरी खणायला शिकली दाढीवाल्यांकडे आणि खापरं ओळखायला शिकली बाईंकडे, म्हणून दोघांनाही ती आपल्याच गटात हवी. ती एकाकडे गेली की दुसऱ्याची माणसं रागाने खुर्चीवाल्याला मत देणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणून ती दोघांनाही चुकवत फिरत होती, आणि ही दोघं एकाच दुपारी आमच्या दारात. भिंगरी बाहेर गेलेली, सूनबाई कामावर, घरात मी आणि मागच्या अंगणात प्लंबर. (बाथरूमचं पाणी तुंबत होतं म्हणून नवा पाइप घालायला तो चर खणत होता.)

दाढीवाले हात धुवायला म्हणून आत गेले. तेवढ्यात बाई आल्या. मी डोकं चालवलं, की ह्यांची गाठ पडायला नको, आणि बाईंना बाजूच्या बोळातून परस्पर मागच्या अंगणात नेऊन बसवायला निघाले. जाऊन बघते तर काय. दाढीवाल्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून चर दिसला होता, आणि हा भला माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यात उतरला होता. हातात माझा भांडी घासायचा ब्रश. प्लंबरचं फावडं काढून घेतलेलं, आणि तो बिचारा उलट्या बादलीवर बसून बघत होता. मला म्हणाला, "आजी, ह्या गतीने खणलं तर माझी पोरं म्हातारी होतील."

बाई वर काठावर उभ्या. तोंड फिरवून निघून जातील असं वाटलं, पण पाय हलेनात. मग एकदम म्हणाल्या, "जपून. त्या खापराला धक्का लावताय तुम्ही." आणि चपला काढून त्याही चरात. चराच्या भिंतीत मातीचा एक काळा पट्टा दिसत होता. दाढीवाले म्हणत, इथे आग लागली असावी. बाई म्हणत, चुलीची राख टाकलेली दिसतेय. कोणाची चूल, असं मी विचारलं, तर दोघांनी माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की मी पुन्हा काही विचारलंच नाही.

आणि नेमकी त्याच वेळी भिंगरी आली. दोघंही खालून तिला हाका मारायला लागली, की तूच सांग, आग की राख. ती जे बोलेल त्यावर अर्धी मतं गेलीच समज, आणि खोकी गेली रस्त्यावर. पोरीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, मोजपट्टी काढली आणि म्हणाली, "आधी चित्र काढू. मग भांडू." त्यांच्यात म्हणे तसा नियमच आहे, आधी जसं दिसतं तसं कागदावर उतरवायचं, तोवर कोणी निकाल द्यायचा नाही. पट्टीचं एक टोक तिने दिलं दाढीवाल्यांच्या हातात, दुसरं बाईंच्या. आता पट्टी सरळ धरायची म्हणजे बोलावंच लागतं. जरा वर घ्या, नाही, तुमच्या बाजूने वर, असं करत करत दोघांची तोंडं उघडली. मी चहा चरातच नेऊन दिला. (साखर दोघांना दीड चमचा घातली, म्हटलं मधलं बरं.) चित्र पुरं झालं तेव्हा भिंगरीने काळ्या पट्ट्याशेजारी लिहिलं, 'आग किंवा राख', आणि पुढे एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह बघून दोघांचे चेहरे असे खुलले, जसं काही बारसंच झालं. बाई म्हणाल्या, मी निवडून येवो नाहीतर हे, चिटणीस हीच पाहिजे, माझ्या माणसांना मी तसं सांगणार. दाढीवाले म्हणाले, "मतभेद नाही."

भिंगरी रात्री दोनदा वाढून घेऊन जेवली. तिचा बाप, आपला थोरला, मात्र तणतणतोय, कारण चर अजून उघडाच आहे. दोघांनी प्लंबरला पाइप घालायला बंदी घातलीय, आणि आम्ही सगळे शेजाऱ्यांकडे अंघोळीला जातो. मला काही वाटत नाही. शेजारीणबाईंकडचं पाणी चांगलं कढत असतं, आणि बातम्याही ताज्या मिळतात. तू जावईबापूंना घेऊन दोन दिवस राहायला ये. चर बघायला मिळेल, फक्त टॉवेल आण.

तुझी,
थोरली

ता. क. हे पत्र काही त्यासाठी लिहिलेलं नाही, पण जावईबापूंना सांग, चिटणीसपदाचं मत भिंगरीला.

ता. क. अध्यक्षपदासाठीही एक वेगळं मत द्यायचं असतं म्हणे. आनंदाच्या भरात मी दाढीवाल्यांना सांगून बसले, की माझ्या बहिणीचा जावई तुमचाच. मग बाई चपला घालायला वाकल्या, इतक्या दमलेल्या दिसल्या की त्यांनाही तेच सांगितलं. मत एकच आहे, मला कळतं गं. पण त्या वेळी दोघंही घरचीच वाटली. तेव्हा जावईबापूंनी मत कोणालाही द्यावं, पण दिलं कोणाला ते सांगू नये. कोणी खोदून विचारलंच तर त्यांना खोकला येऊ दे.

ता. क. राहायला ये म्हटलंय ते खरंच, पण गुरुवार टाळून ये, निदान जावईबापूंना तरी त्या दिवशी आणू नकोस. दोघांनी त्यांचं नाव विचारून घेतलंय, आणि उरलेला चर बघायला दोघंही गुरुवारी सकाळी परत येतो असं सांगून गेलीत.