हाज मितवल्लींचा पाक आणि माझी तबकडी

आदरणीय अब्दुल-गवाद मामांस,

पोर्ट सईदहून भाचा हिलमीचे सलाम. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि गच्चीवरची कबुतरं सगळी खुशाल असोत. मी बरा आहे, म्हणजे पत्र लिहिण्याइतका बरा.

ईदच्या दुसऱ्या दिवशी नवालचे वडील हाज मितवल्ली जावई पारखायला थेट माझ्या प्रोजेक्शनच्या खोलीत आले. (मिठाईवाले आहेत. गावात त्यांच्या पाकातल्या शेवयांच्या कुनाफ्याला तोड नाही आणि त्यांच्या तोंडालाही नाही.) नवाल मला मिळणार की नाही ते त्या दुपारी ठरणार होतं, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून, दुपारचा खेळ चालू असतानाच, त्यांना यंत्र दाखवत होतो. तुम्ही तिकडे तांता शहरातल्या थिएटरात अजून दोन जुन्या मशीनांमध्ये पळापळ करता, म्हणून तुम्हालाही सांगतो. आमच्याकडे सगळी रिळं एकाला एक जोडून अख्खा सिनेमा एका आडव्या तबकडीवर झोपवतात. अशा तीन तबकड्या एकावर एक असतात. मधलीच्या पोटातून फिल्म सुटते, प्रोजेक्टरमधून फिरून येते आणि खालचीवर गुंडाळली जाते. वरची रिकामी. (तिच्यावर आम्ही चहा ठेवतो. हे मालकांना माहीत नाही.)

हाजसाहेबांनी कुनाफ्याचं भलंमोठं ताट आणलं होतं. "हे कुठं टेकवू रे?" म्हणाले. मी उदारपणे वरची तबकडी दाखवली. तिथवर ठीक होतं. पण पाक ऐनवेळी आणि गरमच ओतायचा, हा त्यांचा बाणा. किटली उपडी केली, ताट ओसंडलं. तबकडीला मधोमध भोक असतं हे सासरा होऊ घातलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? पाक त्या भोकातून उतरला तो नेमका फिल्म सुटते तिथं.

नायिकेनं नायकाच्या थोबाडीत मारायला हात उचलला आणि चित्र तिथंच थांबलं. मग तिच्या गालावर तपकिरी फोड आला. (फिल्म जळताना तसाच येतो. हाजसाहेब म्हणाले, "गोवर आला वाटतं पोरीला.") खाली सगळं थिएटर ओरडायला लागलं, "भामटा सिनेमा! पैसे परत टाका!" मी चिकटलेले पदर सोडवतोय आणि खिडकीशी माझे भावी सासरे त्याच सुरात सूर मिसळून पैसे परत मागतायत. तिकीट न काढता!

पाक तुमचाच, असं म्हटलं तर नवाल जाणार. गप्प बसलो तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की नवालही जाणार. मी गप्प बसलो. जळका तुकडा कापून जोड मारला आणि उरलेला सिनेमाभर तबकडी हातानं फिरवत एकेक पदर नखानं सोडवत राहिलो. मामा, खरं सांगतो, रडू येत होतं. हाजसाहेब कुनाफा खात बघत होते. शेवटी बोटं चाटत म्हणाले, "माझं कुनाफ्याचं ताट भट्टीवर जन्मभर फिरतंय, कधी अडलं नाही. तुझं यंत्र भिकार आहे. पण हाताला वळण आहे पोरा तुझ्या." आणि चक्क होकार दिला! येत्या शुक्रवारी फातिहा वाचून लग्न पक्कं करायचं.

मला वाढवलंत तुम्ही, फिल्म धरायला शिकवलंत तुम्ही. त्या दिवशी बापाच्या जागी दुसरं कोण बसणार?

तुमचाच लाडका,
हिलमी

ता. क. फिल्मला साखर कुठून लागली, असं मालक विचारतायत. प्रिंट तुमच्याच थिएटरातून आली होती. त्यांचा फोन आला तर "रिळं गुंडाळताना मी पाकातला बसबूसा खात होतो" एवढंच म्हणा. तुमची निवृत्ती जवळ आली, तुम्हाला आता कोण काय करणार?

ता. क. २. तुम्ही नाही म्हणणार नाही, म्हणून मालकांना हे मी कालच सांगून टाकलंय.

ता. क. ३. गोष्ट हाजसाहेबांच्याही कानावर गेली. फार भडकलेत. म्हणतात, "पोराच्या पोटावर पाय आणणारा असला गलिच्छ माणूस माझ्या उंबऱ्याच्या आत नको." तेव्हा शुक्रवारी कृपया येऊ नका. मला फार वाईट वाटतंय, खरंच. तुम्ही करून ठेवलेली अंगठी मात्र मामींच्या हाती पाठवाल ना?